खांद्यावर शिवलिंग घेतलेला गणपती आणि योगायोगाचा अर्थ

२०१५ च्या जुलैमध्ये ‘बाहुबली’ आला आणि त्यानंतरच्या गणेशोत्सवांत मूर्तींचा नूरच पालटला. कोल्हापुरात शाहूपुरीची कुंभार गल्ली, गंगावेस, बापट कॅम्प, कुठंही जा, दंड फुगवलेले, रुंद छातीचे, खांद्यावर भलंमोठं शिवलिंग पेललेले गणपती रांगेनं वाळत पडलेले दिसायचे. मंडळाची पोरं मोबाइलवर सिनेमाचं पोस्टर दाखवायची आणि कुंभार त्या बेतानं माती चढवायचा. लपवाछपवी काहीच नव्हती, ऑर्डरच ‘बाहुबली गणपती’ अशी असायची.

आमच्या पेठेतल्या मंडपात असाच एक बसला होता. एक आजी नातवाला घेऊन दर्शनाला आल्या, हात जोडले आणि पोराला म्हणाल्या, “बघ, गोकर्णाचा गणपती. रावणाचं लिंग धरलंय बघ ह्यानं.” पोरगं म्हणालं, “आज्जी, बाहुबली हाय त्यो.”

दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर होते. कसे, ते सांगण्यासाठी हा लेख. आजच्या सिनेमात, मालिकेत, गाण्यात, पोस्टरवर जुन्या पुराणातल्या खुणा दिसतात, कधी तर अंगावर काटा यावा इतक्या नेमक्या दिसतात. त्या तिथं येतात कुठून? कुणी मुद्दाम ठेवलेल्या असतात, आपसूक वाहत येतात, की बघणारा जोडतो? ह्या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की एक तर सगळंच गूढ वाटायला लागतं, नाहीतर सगळंच थोतांड. दोन्हींत नुकसान आपलंच.

आधी आजींची गोष्ट. गुरुचरित्राच्या सहाव्या अध्यायात ती आहे. रावणाची आई रोज मातीचं लिंग करून पूजा करायची. आपल्यासारखा मुलगा असताना आईनं मातीचं लिंग पुजावं हे रावणाला सहन होईना. तुला कैलासच आणून देतो म्हणून तो गेला, कैलास गदागदा हलवला, त्याखाली चिरडला, मग गाणं गाऊन त्यानं शंकराला प्रसन्न करून घेतलं. शंकरानं आत्मलिंग दिलं, पण लंकेला पोचेपर्यंत ते जमिनीला टेकवायचं नाही ह्या अटीवर. देव घाबरले. त्यांनी गणपतीला धाडलं. समुद्रकाठी रावणाची संध्येची वेळ झाली तेव्हा गणपती बटूच्या वेषात तिथं हजर होता. लिंग जड आहे, तीनदा हाक मारीन, आला नाहीस तर खाली ठेवीन, असं बजावून त्यानं ते हातात घेतलं, तीन हाका मारल्या आणि ठेवलं. ते तिथंच रुतलं, तेच गोकर्णाचं महाबळेश्वर. शेजारी गणपतीचं देऊळ आहे. मूर्ती उभी, दोन हातांची, आणि डोक्यावर एक खोलगट खूण, रावणानं चिडून हाणलेल्या ठोशाची.

आता सिनेमा. आईनं व्रत घेतलंय, शिवलिंगावर हजाराच्या वर घडे पाणी घालायचंय. मुलाला तिचे हाल बघवत नाहीत. तो लिंग उपटतो, खांद्यावर घेतो आणि धबधब्याखाली नेऊन ठेवतो.

आई, तिची पूजा, मुलाचा हट्ट, उचलून नेलेलं लिंग आणि शेवटी पाण्याच्या काठी त्याचं बसणं. पटकथेतला नायक रावणाच्या जागी उभा आहे. आणि कुंभारानं त्या नायकाला काढून तिथं कोण बसवला? गणपती. म्हणजे जुन्या गोष्टीत त्या मुलाच्या हातून जो लिंग काढून घेतो, नेमका तोच. कुंभारासमोर पोस्टर होतं, मंडळाच्या पोरांना दणकट मूर्ती हवी होती, आणि तरीही गोष्ट फिरून मूळ जागेवर आली.

युंगचा भुंगा

अशा अनुभवाला नाव दिलं ते कार्ल गुस्ताव युंग ह्या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं. त्याचा शब्द ‘सिंक्रोनिसिटी’. मराठीत अर्थपूर्ण योगायोग म्हटलं की काम भागतं. दोन घटना एकमेकींना जुळतात, एकीमुळे दुसरी घडलेली नसते, पण ज्याच्या बाबतीत त्या घडतात त्याला त्यात खोल अर्थ लागतो. १९५२ साली त्यानं ह्यावरचा प्रबंध छापला. त्याच पुस्तकात दुसरा निबंध होता वुल्फगांग पाउलीचा, १९४५ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला हा शास्त्रज्ञ. इतका मोठा पदार्थवैज्ञानिक जोडीला असल्यामुळे ह्या कल्पनेला जे वजन आलं ते आजवर टिकून आहे.

युंगचं गाजलेलं उदाहरण असं. त्याच्याकडे एक बाई उपचाराला यायची. हुशार, पण सगळं बुद्धीच्या फुटपट्टीनं मोजणारी, त्यामुळे उपचार पुढे सरकेना. एके दिवशी ती स्वप्न सांगत होती की कुणीतरी तिला सोन्याचा भुंगा दिला. प्राचीन इजिप्तमध्ये शेणाचे गोळे करणारा भुंगा हे पुनर्जन्माचं चिन्ह होतं. ती बोलत असतानाच युंगच्या मागच्या खिडकीवर टकटक झाली. त्यानं खिडकी उघडली, आत आलेला किडा पकडला आणि तिच्या हातात ठेवला. हिरवट सोनेरी भुंगाच होता तो. बाईच्या मनाचा आडमुठेपणा तिथं मोडला आणि पुढचे उपचार लागू पडले.

ह्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. हा भुंगा युरोपात उन्हाळ्यात सर्रास आढळणारा आहे आणि खिडकीवर किडे आपटतातच, हे एक. त्या बाईत खरोखर बदल झाला, हे दुसरं. पहिल्यामुळे दुसरं खोटं ठरत नाही. पण दुसऱ्यामुळे ‘भुंगा तिच्यासाठीच आला होता’ हेही सिद्ध होत नाही. युंग ह्या तिसऱ्या विधानाकडे झुकला, कार्यकारणाच्या पलीकडचं एखादं तत्त्व जगात असावं असं मांडू लागला, आणि तिथं मी त्याच्याबरोबर जात नाही. अर्थ माणसाच्या मनात उमटला, तो खराच होता. तो आधीपासून खिडकीबाहेर वाट बघत होता असं धरून चालायला काही आधार नाही.

युंगची दुसरी कल्पना मात्र ह्या विषयाला फार उपयोगी आहे. आपल्याकडच्या समीक्षेत तिला ‘आदिबंध’ म्हणतात. माता, वीर, म्हातारा गुरू, सावलीसारखा शत्रू, पाण्यातून वर येणारं मूल, असे काही साचे जगातल्या सगळ्या कथांत पुन्हा पुन्हा सापडतात. युंगच्या मते ते सगळ्या माणसांच्या सामाईक नेणिवेत असतात.

कुणी ठेवलं

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे करणाऱ्यानं खूण जाणूनबुजून ठेवलेली असते. ह्याचं मराठीतलं सर्वांत तेजस्वी उदाहरण ‘कीचकवध’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं. विराटाच्या दरबारात सैरंध्री बनून राहिलेली द्रौपदी, तिच्यावर हात टाकणारा कीचक, सबुरी धरा म्हणणारा युधिष्ठिर आणि रागानं धुमसणारा भीम. गोष्ट महाभारतातली, एकही नाव बदललेलं नाही. पण प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हा देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. व्हाइसरॉय असताना कर्झननं केलेल्या बंगालच्या फाळणीला दोनच वर्षं झाली होती. लंडनच्या ‘टाइम्स’साठी लिहिणाऱ्या व्हॅलेंटाइन चिरोलनं हे सगळं ओळखून तसं लिहून ठेवलं. १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. नाटकात कर्झनचं नाव कुठंच नाही, तरी सरकारला तो दिसला.

आणि मग दहा वर्षांनी आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी, स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर, ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. पुन्हा तीच गोष्ट, पुन्हा कीचक. भीम त्याचं मुंडकं उडवतो तो प्रसंग इतका खरा वठला होता की लोक हादरले आणि सेन्सॉरनं कात्री लावली. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते ह्याच सिनेमासाठी. १९२० साली पडद्यावर कीचक मेला तेव्हा टाळ्या का पडल्या असतील हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. जे बोलता येत नव्हतं ते पुराणाच्या तोंडून बोललं जात होतं. पुराणातली खूण लोककलेत येण्याचं हे सर्वांत जुनं आणि सर्वांत सरळ कारण आहे. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून नवीन आशय तिच्यावर चटकन चढतो, आणि पकडलं गेलं तर ‘हे तर महाभारत’ म्हणून हात झटकता येतात.

मुद्दाम ठेवलेल्या खुणेचं आणखी एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे, फक्त ते सिनेमातलं नाही. अंबाबाईचा किरणोत्सव. परंपरेनं ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात, एक दिवस देवीच्या चरणांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. वर्षातून दोनदाच का, आणि ह्याच तारखा का? उत्तरायण सुरू होतं तो २१ डिसेंबरच्या आसपासचा दिवस मध्ये धरा. १० नोव्हेंबर त्याच्या ४१ दिवस आधी, ३१ जानेवारी ४१ दिवस नंतर. सूर्य दक्षिणेकडे सरकताना क्षितिजावरच्या ज्या बिंदूवर मावळतो, परतताना त्याच बिंदूवर तितक्याच दिवसांनी पुन्हा येतो. देवळाची दिशा त्या बिंदूला जुळलेली आहे. सूर्य वर असताना किरणं तिरपी, म्हणून जमिनीवर पडतात. तो खाली उतरेल तशी ती आडवी होत मूर्तीवर चढत जातात. वाटेत एखादी इमारत, ढग किंवा धुरकट हवा आली की किरणं कमरेशीच अडतात. नवख्याला हा चमत्कारासारखा योगायोग वाटेल. त्यामागे बांधणाऱ्यांचं निरीक्षण आणि हिशोब आहे, आणि मला तरी तो हिशोब कळल्यापासून गाभाऱ्याकडे बघताना अधिकच भरून येतं.

कुठल्या वाटेनं आलं

दुसरा प्रकार अवघड. इथं खूण कुणी ठरवून ठेवलेली नसते, पण ती आभाळातूनही पडलेली नसते.

नदीत सोडलेलं मूल घ्या. कुंतीनं कर्णाला पेटीत घालून अश्वनदीत सोडलं, तिथून ती पेटी चर्मण्वतीत, यमुनेत, गंगेत आणि शेवटी चंपानगरीला अधिरथाच्या हाती लागली. अक्कडचा राजा सार्गन स्वतःबद्दल सांगतो की आईनं त्याला डांबर लावलेल्या टोपलीत घालून युफ्रेटिसमध्ये सोडलं. मोशे नाईलच्या लव्हाळ्यात सापडला, रोम्युलस आणि रेमस टायबरच्या काठी. १९०९ साली ऑटो रँक ह्या ऑस्ट्रियन अभ्यासकानं अशा वीरांच्या जन्मकथा एकत्र मांडल्या, त्यात आपला कर्णही आहे. पुढं १९३८ मध्ये अमेरिकेत दोन तरुणांनी सुपरमॅन उभा केला. नष्ट होणाऱ्या ग्रहावरचे आईबाप बाळाला यानात घालून पाठवतात, ते एका साध्या घरी वाढतं. नदीच्या जागी अवकाश आलं, एवढंच. आणि ‘बाहुबली’च्या सुरुवातीला पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या राजमातेनं एका हातानं वर धरलेलं बाळ तर सगळ्यांना आठवत असेल.

हे साम्य कुठून आलं ह्याची तीन उत्तरं दिली जातात. युंग म्हणेल, सामाईक नेणिवेतून. दुसरे म्हणतील, गोष्टी व्यापाऱ्यांबरोबर, सैन्याबरोबर, लग्न होऊन गेलेल्या मुलींबरोबर प्रवास करतात. तिसरे म्हणतील, माणसं सगळीकडे नदीकाठीच वसली, नकोशी किंवा लपवावी लागणारी मुलं सगळीकडे जन्मली, आणि सत्तेवर आलेल्या अनोळखी माणसाला थोर कुळाची गोष्ट सगळीकडे लागली. माझा कल दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराकडे आहे. तेवढ्यानं बहुतेक साम्यं उलगडतात. सुपरमॅन काढणारे दोघे ज्यू स्थलांतरितांच्या घरातले होते, मोशेची गोष्ट त्यांच्या घरातलीच होती. सामाईक नेणिवेपर्यंत जाण्याआधी आजीनं सांगितलेल्या गोष्टीपर्यंत जाऊन बघावं.

अलीकडच्या सिनेमांबाबत तर आणखी एक वाट आहे. जोसेफ कॅम्बेल ह्या अमेरिकन अभ्यासकानं १९४९ साली जगभरच्या वीरकथांचा एकच सांगाडा मांडला. घर सोडणं, गुरू भेटणं, परीक्षा, मरणाच्या दारातून परतणं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या दिग्दर्शकानं त्याचं ऋण उघड मान्य केलं. पुढे हा सांगाडा पटकथा शिकवणाऱ्या वर्गांत पाठ करून घेतला जाऊ लागला. त्यामुळे आज एखादा सिनेमा त्या सांगाड्यात चपखल बसला तर आश्चर्य कशाचं करायचं? लिहिणाऱ्यानं तो समोर ठेवूनच लिहिलेला असतो.

आपल्या जिल्ह्यापुरता एक योगायोग मला फार दिवस खुणावतो आहे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. तिन्ही महाभारतातल्या एकेका माणसाच्या मनात शिरणाऱ्या कादंबऱ्या, त्यांतल्या दोन तर एकाच कर्णावर. खांडेकर कोल्हापुरात राहायचे, सावंत मूळचे आजऱ्याचे आणि कोल्हापुरात शिक्षक, देसाई कोवाडचे. जेमतेम पंधरा वर्षांत, एकाच जिल्ह्यातून. कुणी ह्याला मातीचा गुण म्हणेल, कुणी अंबाबाईचा प्रसाद.

मला त्यात काही वाटा दिसतात. हे नाटकाचं गाव. १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. संगीत नाटक पुराणावर पोसलेलं. हे सिनेमाचंही गाव, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभात फिल्म कंपनीनं इथंच केला, हरिश्चंद्राची गोष्ट. म्हणजे पुराणातल्या माणसाला रंग लावून, दिवा मारून, त्याच्या चेहऱ्याकडे जवळून बघायची सवय इथल्या दोन पिढ्यांना होती. आणि संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. सिंहासन, कूळ, कर्तृत्व, कुणाचा मान कुणाला मिळतो, हे प्रश्न इथं पुस्तकी नव्हते. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या गावात सूतपुत्राची कहाणी कानात घुमत राहिली तर नवल काय. एवढ्यानं तिन्ही कादंबऱ्या उलगडत नाहीत. प्रतिभा उरतेच. पण ‘योगायोग’ म्हणून सोडून दिलं असतं तर हे नाट्यगृह, हा बोलपट, हे विलीनीकरण एका ओळीत मांडून बघायचं राहूनच गेलं असतं.

बघणाऱ्यानं जोडलं

तिसऱ्या प्रकारात दुवा फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. आपल्या गाड्यांचा नंबर एमएच ०९. नवरात्राच्या नऊ रात्री, नवदुर्गा, नऊ हा पूर्णत्वाचा आकडा, म्हणून अंबाबाईच्या गावाला नऊ मिळाला असं कुणी सांगितलं तर ऐकायला छान वाटतं. आता शेजारचे नंबर बघा. ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. कोकण संपवून घाट चढला की पहिला जिल्हा आपला, मग तिथून वर पुण्याकडे. नकाशावर बोट फिरवत क्रमांक दिले तर नऊ आपल्यालाच येणार.

मेंदूला असे दुवे जोडायची खोड असते, आणि ती वाईट नाही. गवत हललं की वाघ समजून पळणारे पूर्वज जगले. विस्कळीत गोष्टींत आकृती दिसण्याला क्लाउस कॉनराड ह्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं १९५८ साली ‘अ‍ॅपोफेनिया’ म्हटलं. ढगात गणपती दिसतो तो ह्याच खोडीचा एक प्रकार. त्यात भर असते लक्ष वेधण्याची. नवीन रंगाची गाडी घेतली की रस्त्यावर तीच गाडी दिसायला लागते. गाड्या तेवढ्याच असतात, नजर बदललेली असते. आणि आता फोन आहे. २०२४ मध्ये ‘कल्की’ सिनेमा आल्यावर अश्वत्थाम्याचा एक व्हिडिओ पूर्ण बघितलात, तर आठवडाभर तोच पुढ्यात येत राहतो. ‘सारखं हेच का दिसतंय’ असं वाटतं. दिसतंय कारण यंत्राला कळलंय की तुम्ही थांबता.

मग आकड्यांचा भाग आहे, आणि इथं आपला अंदाज फार चुकतो. कोणत्याही २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ६० पोरांच्या वर्गात ती ९९ टक्क्यांच्याही वर जाते. कारण आपण आपल्या एका तारखेचा विचार करतो, प्रत्यक्षात जोड्या मोजायच्या असतात, आणि ६० जणांत १,७७० जोड्या होतात. लिटलवुड नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावानं सांगितला जाणारा हिशोबही असाच. दिवसाचे आठ तास आपण जागरूक असतो आणि दर सेकंदाला काहीतरी बघतो-ऐकतो असं धरा. दिवसाच्या २८,८०० घटना झाल्या, ३५ दिवसांत दहा लाख ओलांडल्या. म्हणजे दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट प्रत्येकाच्या वाट्याला साधारण महिन्याला एकदा यायलाच हवी. ती येते, आपण सांगतो, न जुळलेल्या उरलेल्या घटना कुणीच सांगत नाही.

आता मंडपातल्या आजींकडे बघा. कुंभारानं गोकर्ण मनात धरलं नव्हतं, म्हणजे पहिला प्रकार बाद. नुसता मेंदूचा खेळ म्हणावं तर तेही पुरत नाही. शिरोळ तालुक्यात नरसोबाची वाडी आहे, दत्ताचं ठाणं, घरोघरी गुरुचरित्राचं पारायण चालतं, गोकर्णाची गोष्ट इथल्या बायकांच्या कानावरून शेकडो वेळा गेलेली आहे. गणपती आणि लिंग एका ठिकाणी दिसले की त्यांना दुसरं काय आठवणार? दुवा त्यांनी जोडला, पण तो जोडायचं साहित्य इथल्या पारायणांनी त्यांच्या हाती दिलेलं होतं. युंगचं अर्थपूर्ण हे विशेषण मला इथं पूर्ण पटतं. मूर्तीत जे घातलंच नव्हतं ते आजींनी नातवाला दिलं, आणि ते खोटं नव्हतं.

खोटं काय असतं, त्याचं उदाहरण ‘तुंबाड’चा हस्तर. २०१८ च्या ह्या सिनेमात पूर्तीची देवी, तिचा पहिला, लोभी मुलगा हस्तर, आणि त्याची कधीच पूजा होणार नाही असा शाप आहे. सांगण्याची धाटणी इतकी पुराणासारखी की सिनेमा बघून आलेली शिकलीसवरली माणसं ही कथा अमुक पुराणात आहे असं ठासून सांगताना मी ऐकली आहेत. ती कुठल्याच पुराणात नाही. हस्तर रचलेला आहे. रचणाऱ्यानं त्याला लोभ, शाप, आईचं पोट आणि पीठ ह्या ओळखीच्या वस्तूंतून इतका नीट घडवला की आपल्याला तो आठवल्यासारखा वाटतो. ही लिहिणाऱ्याची ताकद, तिला दाद द्यायलाच हवी. पण ‘पुराणात आहे’ म्हणणं हे वेगळं विधान आहे, आणि त्याला ग्रंथ आणि अध्याय लागतो.

अंबाबाईनं मारलेल्या कोल्हासुराचं तसं नाही. त्याची कथा करवीर माहात्म्यात आहे, आणि दर नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, तिथं कोल्हासुराच्या नावानं कोहळा फुटतो आणि त्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते. कथेला ग्रंथही आहे आणि वर्षाचा एक ठरलेला दिवसही.

ह्या दोन टोकांच्या मध्ये बसते संतोषीमाता. जुन्या पुराणांत तिची कथा सापडत नाही. व्रताच्या छोट्या पोथ्या आधीपासून होत्या, पण देशभर ती पोचली १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’मुळे. बायका टॉकीजमध्ये चपला काढून बसायच्या, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायच्या. व्रताला लागायचे फक्त गूळ आणि चणे, भटजीची गरज नाही, खर्च नाही, म्हणून ते परवडलं आणि रुजलं. आज शुक्रवारी आंबट न खाणारी मुलगी शिवाजी पेठेतही भेटेल आणि तिला हा सिनेमा येऊन गेलाय हे ठाऊकही नसेल, व्रत तिच्या आईचं, आईच्या आईचं. अजून पन्नास वर्षांनी एखाद्या मालिकेत शुक्रवार, गूळ आणि चणे एकत्र दिसले, तर बघणारा तिला प्राचीन खूण म्हणेल, आणि ती कुठून आली हे शोधणाऱ्याला विसाव्या शतकातल्या एका व्रताच्या पोथीशी आणि एका सिनेमाच्या तिकीटखिडकीशी येऊन थांबावं लागेल.